घरी परतण्याची किंमत

लोणावळ्याहून पुण्याकडे निघालो की कार्ले मागे पडते आणि काही वेळाने वडगाव मावळ लागते. शालेय इतिहासात या गावाच्या वाट्याला एकच ओळ येते: जानेवारी १७७९ मध्ये मराठ्यांनी येथे इंग्रजांना तह करायला भाग पाडले. सन पाठ करून घेऊन आपण पुढच्या धड्याकडे वळतो. पण या लढाईला एका परदेशप्रवासाची शेपटी जोडलेली आहे. त्या प्रवासात जाण्यापेक्षा परतणेच अवघड ठरले.

रघुनाथराव पेशवे यांना पुण्यात सत्तेवर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची सुमारे ३,९०० माणसांची फौज बोरघाट चढून आली. ९ जानेवारीला ती तळेगावला पोचली, तेव्हा गाव जाळून रिकामे केलेले होते. दाणागोटा मिळेना. जड तोफा तळ्यात टाकून फौज रातोरात मागे फिरली आणि वडगावात घेरली गेली. रघुनाथराव महादजी शिंद्यांच्या हवाली झाले, पण उत्तरेकडे नेले जात असताना निसटले आणि सुरतेला पुन्हा इंग्रजांच्या आश्रयाला गेले. आता त्यांनी थेट विलायतेत दाद मागायचे ठरवले. त्यासाठी हणमंतराव हा ब्राह्मण, मणियार रतनजी हा पारशी आणि त्याचा मुलगा असे वकील, म्हणजे राजदूत, रवाना झाले.

१७८१ मध्ये हे तिघे लंडनला होते. हणमंतरावांपुढचा मोठा प्रश्न राजकारणाचा नव्हता, स्वयंपाकाचा होता. परक्या हातचे अन्नपाणी चालत नव्हते. त्यांचे हाल पाहून एडमंड बर्क या संसद सदस्याने त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेले आणि बागेतले काचघर स्वयंपाकासाठी व पूजेसाठी मोकळे करून दिले. राजकारण मात्र साधले नाही. १७८२ च्या सालबाईच्या तहाने रघुनाथरावांचा पक्षच संपला. पुढच्याच वर्षी ते वारले.

परतल्यावर काय झाले, हे फ्रान्सिस विल्फर्ड या कंपनीच्या अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. तो दोन ब्राह्मणांचा उल्लेख करतो. लंडनच्या कागदांत ब्राह्मण एकच दिसतो. एकाच घटनेच्या दोन साधनांत असा फरक पडतो, हे विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवावे. विल्फर्डच्या मते वकील इराणमार्गे परतले आणि त्यामुळे त्यांनी अटक ओलांडली. त्यांना वाळीत टाकण्यात आले. गंमत अशी, की १७५८ मध्ये राघोबादादांच्याच मोहिमेत मराठी फौजा अटकेपर्यंत पोचल्या होत्या आणि तो पराक्रम आपण म्हणीसारखा सांगतो!

वाळीत पडणे म्हणजे नेमके काय? पंक्तीला कोणी बसवत नाही, मुलांची लग्ने जुळत नाहीत, श्राद्धाला भटजी मिळत नाही. शिक्षा एकट्या प्रवाशाला नसते, साऱ्या घराला असते. म्हणून घरच्यांनाही त्याला उंबऱ्याआत घेताना विचार करावा लागतो.

विल्फर्ड सांगतो, की बऱ्याच सभा झाल्या आणि अखेर तोड निघाली: या माणसांनी पुन्हा जन्म घ्यावा. शुद्ध सोन्याची स्त्रीची किंवा गायीची मूर्ती करायची आणि तिच्यातून बाहेर यायचे. एवढे सोने कोठून आणणार? मग सोन्याची योनी करून तिच्यातून बाहेर पडणे पुरेसे मानले गेले. ही कल्पना नवी नव्हती. सोन्याच्या पात्रातून नवा जन्म घेण्याचा ‘हिरण्यगर्भ’ हा दानविधी राजे पूर्वीपासून करत असत. राजाचे वैभव दाखवणारा विधी येथे प्रवाशाचा दंड झाला.

ही बंदी अनादी होती, असे मात्र समजू नये. बौधायन धर्मसूत्र समुद्रप्रवासाला पातक म्हणते आणि उत्तरेकडचे लोक समुद्रप्रवास करतात, असेही तेच सांगते. म्हणजे नियम होता आणि तो मोडणारेही होते. याच मावळात, कार्ल्याच्या चैत्यगृहात, सुमारे २,००० वर्षांपूर्वीच्या लेखांत धेनुकाकटच्या यवनांनी खांब दान केल्याचे कोरलेले आहे. त्यांचे दान कोणी नाकारले नाही.

त्याच कार्ल्याजवळ ४ जानेवारी १७७९ रोजी कॅप्टन जेम्स स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने ठार झाला. शत्रूच्याही शौर्याची कदर करून मराठ्यांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटले. वडगावातल्या त्याच्या समाधीपुढे लोक आजही हात जोडतात. घरी न परतलेल्या परक्याला मावळच्या मातीने सहज सामावून घेतले. परतून आलेल्या आपल्याच माणसाला मात्र दुसरा जन्म घ्यावा लागला.

वडगावला सहल नेली, तर तहाची कलमे विचारण्याआधी आपण मुलांना एवढेच विचारू या: दूर जाऊन, खूप पाहून परतलेल्या माणसाकडून त्याच्या गावाने काय ऐकायला हवे होते आणि गावाने त्याला काय विचारले?