मोटरीचा लगाम

जुन्या घरांतून पंख्याच्या बटणाशेजारी भिंतीवर एक काळी, जड पेटी असे. तिच्यावर पाच खुणांची चकती. ती फिरवली की पंखा हळू होई. उन्हाळ्याच्या रात्री त्या पेटीला हात लावला तर ती चांगलीच तापलेली लागे. घरातली वडीलधारी माणसे विजेचे बिल पाहून बजावीत, "पंखा दोनवर ठेवा, वीज वाचेल!" पेटी का तापते, हे मात्र फारसे कोणी विचारीत नसे. तिच्यात तारेचे वेटोळे असे. पंख्याला कमी वीज मिळावी म्हणून वाटेत अडवलेली वीज त्या वेटोळ्यात उष्णता होऊन जाई. पंखा मंदावला तरी बिल त्या मानाने उतरत नसे. वाचले असे वाटे त्यातले पुष्कळसे भिंत तापवण्यात खर्ची पडे.

या पेटीची कुळकथा मोठी आहे. मोटर फिरवणे माणसाला बरेच लवकर साधले, पण तिला फुकट न जाळता आवरणे साधायला दीडशे वर्षे लागली.

अमेरिकेतल्या व्हरमाँट प्रांतात टॉमस डेव्हनपोर्ट नावाचा लोहार होता. लोहचुंबकाच्या वेडापायी त्याने धंदा बाजूला ठेवला आणि घरच्या घरी मोटर जुळवली. तारांना गुंडाळायला रेशीम हवे होते, म्हणून त्याच्या बायकोने आपला लग्नातला रेशमी पोषाख फाडून दिला असे सांगतात. १८३७ साली त्याला पेटंट मिळाले, पैसा मात्र मिळाला नाही. त्याच्या मोटरी बॅटरीवर चालत आणि ती वीज वाफेपेक्षा फार महाग पडे. अशा मोटरीचा वेग आवरण्याची चिंता कोण करणार?

चिंता सुरू झाली ती मोटर थोर झाल्यावर. मोटरीचा स्वभाव मोठा चमत्कारिक आहे. ती फिरू लागली की स्वतःच थोडी वीज निर्माण करते, आणि तीही उलट्या दिशेने. हा उलटा दाब वेगाबरोबर वाढतो आणि बाहेरून येणाऱ्या विजेला थोपवून धरतो. पण मोटर उभी असताना हा दाब शून्य. त्या क्षणी एकदम पूर्ण वीज सोडली तर प्रवाह मुसंडी मारून आत शिरतो आणि वेटोळी जाळून टाकतो. म्हणून आरंभी मोटरीच्या वाटेत रोधक घालायचे आणि वेग वाढेल तसे एकेक काढून घ्यायचे, हा पहिला लगाम.

हा लगाम रस्त्यावर कसाला लागला तो रिचमंड शहरात, १८८८ साली. आरमारातून बाहेर पडलेला आणि काही काळ एडिसनकडे काम केलेला फ्रँक स्प्रेग याने तिथे विजेच्या ट्राम सुरू केल्या. सुमारे बारा मैलांचा मार्ग, चाळीस गाड्या, आणि काही ठिकाणी शंभर फुटांत दहा फूट असा चढ! बोस्टनच्या ट्राम कंपनीचे मालक व्हिटनी पाहायला आले, तेव्हा त्यांच्या मनात शंका होती की पुष्कळ गाड्या एका ठिकाणी खोळंबल्या आणि एकदम निघाल्या तर काय होईल? स्प्रेगने रात्री बावीस गाड्या एकामागे एक उभ्या केल्या आणि लागोपाठ सोडल्या. गाड्यांतले दिवे मिणमिणले, पण गाड्या हलल्या. बोस्टनने घोडे सोडून विजेची कास धरली. एडिसनचे नाव आपल्याकडे शाळकरी पोरही सांगेल. स्प्रेगचे मात्र त्याच्या गाड्यांतून रोज फिरणाऱ्यालाही ठाऊक नसते. मला हा अन्याय वाटतो.

पुढे लवकरच एक हिकमत रूढ झाली. गाडीला दोन मोटरी असतील तर निघताना त्या एकीमागे एक जोडायच्या, म्हणजे विजेचा दाब दोघींत आपोआप वाटला जातो. वेग आला की दोघी शेजारीशेजारी जोडून प्रत्येकीला पूर्ण दाब द्यायचा. हिशेब केला तर एवढ्या अदलाबदलीने रोधकात जळणारी वीज निम्म्यावर येते. नवे यंत्र नाही की नवा धातू नाही. नुसती तारांची जुळणी बदलली!

आणखी नऊ वर्षांनी स्प्रेगने याहून मोठी गोष्ट केली. प्रत्येक डब्याच्या मोटरींचा लगाम त्याच डब्याखाली ठेवायचा आणि पुढच्या डब्यातल्या लहानशा मुठीतून सगळ्यांना एकाच वेळी इशारा द्यायचा, अशी ही योजना. मुठीतून जाते ती थोडीशी वीज. जड काम करतात डब्यांखालचे खटके. १८९७ च्या जुलैत चाचणी झाली, तेव्हा सहा डब्यांची गाडी स्प्रेगच्या दहा वर्षांच्या मुलाने चालवून दाखवली. शिकागोने ही पद्धत लगेच उचलली.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदराहून कुर्ल्याला विजेची पहिली गाडी सुटली, ती याच घराण्यातली. दीड हजार व्होल्टचा एकदिश प्रवाह आणि मोटरीच्या डब्याखाली रोधकांच्या जाळ्या. त्या गाड्यांतून प्रवास केलेल्यांना स्टेशन सोडतानाचे ते लहान लहान हिसके आठवत असतील. एकेक रोधक बाजूला होई, तेव्हा एकेक हिसका. पण दर दोन-तीन मिनिटांनी स्टेशन येणार, म्हणजे पुन्हा थांबा आणि पुन्हा जाळ्या तापवा. गाडीची धाव ब्रेकमध्ये जिरे आणि निघतानाच्या विजेचा एक हिस्सा जाळ्यांमध्ये. पंख्याची ती काळी पेटीच, पण डब्याखाली टांगलेली.

दुसरी एक वाट वॉर्ड लेनर्डने १८९१ साली दाखवली होती: मोटरीसाठी स्वतंत्र जनित्र ठेवायचे आणि त्याचाच दाब कमीजास्त करायचा. लिफ्ट आणि खाणींचे पाळणे यांना ती फार मानवली. पण एका मोटरीला आवरायला आणखी दोन यंत्रे पोसायची, हे सर्वांना कुठून परवडावे?

खरी सुटका झाली ती वीज अडवण्याऐवजी तोडण्याच्या युक्तीने. कुंभार चाकाला दांड्याने झटका देतो आणि सोडतो. मधल्या वेळात चाक आपल्या वजनाने फिरतच राहते. मोटरीलाही तसेच झटके द्यायचे. खटका पूर्ण उघडा असेल तर वीज जात नाही, पूर्ण मिटलेला असेल तर ती अडत नाही. दोन्ही स्थितीत जळायला जवळजवळ काही नाही. पण इतक्या झपाट्याने उघडझाप करणारा खटका पितळेचा कसा होणार? १९५७ साली अमेरिकेत सिलिकॉनचा थायरिस्टर निघाला. त्याच्या भावंडाने पुढे आपल्या भिंतीवरची काळी पेटी हटवली आणि तिथे एक लहान बटण बसवले. १९८० च्या सुमारास मद्रासेत जन्मलेले आणि तिथल्याच आय.आय.टी.त शिकलेले जयंत बलिगा जनरल इलेक्ट्रिकमध्ये होते. त्यांनी आय.जी.बी.टी. हा भारी खटका घडवला. त्यामागची निकड अगदी घरगुती होती: वातानुकूलन यंत्राच्या मोटरीचा वेग बदलता यावा! आज मुंबईच्या नव्या लोकलगाड्या अशाच खटक्यांवर चालतात आणि ब्रेक लावताना काही वीज तारेत परत पाठवतात. जुना एकदिश प्रवाह एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावरूनही गेला.

माझ्या वर्गातल्या मुलांकडून मी हे दोन्ही लगाम करवून घेतो. खेळण्यातली बारा व्होल्टची मोटर आणि बॅटरी पुरते. घरच्या विजेला हात लावायचा नाही, हा नियम. पहिला लगाम जुन्या शेगडीच्या तारेचा. दुसऱ्यात १९७२ पासून बाजारात असलेली ५५५ ही आठ पायांची चकती झटके मोजते, एक ट्रान्झिस्टर खटक्याचे काम करतो आणि मोटरीच्या दोन टोकांवर एक डायोड आडवा बसतो. हा डायोड क्षुल्लक दिसतो, पण खटका उघडताच वेटोळ्यातला प्रवाह थांबायला नकार देतो. त्याला फिरून यायला ही वाट दिली नाही तर तो उसळून ट्रान्झिस्टरचा बळी घेतो.

दोन्ही मोटरी सारख्याच मंद फिरवायच्या आणि दांडीला बोटाने हलकेच धरायचे. तारेच्या लगामाची मोटर मुकाट्याने थांबते, कारण भार वाढला की तारच जास्त वीज गिळते. झटक्यांची मोटर बोटाशी झगडते. मुलांना हे झगडणे फार आवडते.

एका मुलीने विचारले, "सर, ही शिट्टी का वाजवते?" सेकंदाला जितके झटके, तितका सूर. झटके वीस हजारांपलीकडे नेले तेव्हा शिट्टी कानाआड झाली. मग लोकल निघताना का गाते, हा तिचा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर त्या मोठ्या खटक्यांत आहे. प्रत्येक उघडझापीला ते थोडेसे तापतात, म्हणून त्यांना फार घाई करता येत नाही आणि त्यांचा सूर ऐकू येण्याइतका खालीच राहतो.