अंबरनाथ येथील शिवालय व त्यांतील शके ९८२ चा लेख

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अंबरनाथ म्हणून जें स्थानक लागतें, त्याच्या पूर्वेस सुमारें अर्ध्या कोसावर, वालधुनी नदीच्या कांठीं काळ्या पाषाणाचें एक शिवालय आहे. तें पांडवांनीं एका रात्रींत बांधिलें, अशी वार्ता अंबरनाथ-बदलापूर बाजूस कोणीही सांगेल. सांगणाऱ्यास दोष देण्याचें कारण नाहीं. ज्या देवळाची मिती ठाऊक नाहीं तें पांडवांच्या खातीं जमा करण्याचा आपल्याकडे प्रघातच आहे. मात्र या देवळाची मिती त्याच्या अंगावरच कोरलेली असून, ती वाचण्याच्या कामीं आपल्या दोन थोर पंडितांचा दोनशें वर्षांचा मतभेद झाला होता. तो प्रसंग संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखा असल्यामुळें त्याचा विस्तार येथें करितों.

लेख उत्तरेकडील दाराच्या तुळईस आंतल्या अंगानें आहे. जागा अंधारी, अक्षरें झिजलेलीं. डॉ. भाऊ दाजी यांनीं त्याचें वाचन मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेच्या पुस्तकांत प्रसिद्ध केलें व मिती शके ७८२ अशी दिली. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तोच लेख पुन्हां तपासून शतकाचा आंकडा सात नसून नऊ आहे, म्हणजे शक ९८२ (इ. स. १०६०) होय, असें दाखविलें. भगवानलाल हे भाऊ दाजींच्याच आश्रयानें जुनागडहून मुंबईस आलेले व त्यांच्याच हाताखालीं तयार झालेले. गुरूच्या वाचनांतील अंक शिष्यानें सुधारला, आणि तो केवळ दगड पुन्हां पाहून सुधारला.

हा निर्णय डोळ्यांच्या साक्षीवरच अवलंबून आहे असें मात्र नाहीं. लेखांत महामंडलेश्वर मांवाणिराजदेव याचें राज्य चालू असल्याचें म्हटलें असून छित्तराजदेवाच्या ‘भवना’चा उल्लेख आहे. शके ७८२ मानल्यास उत्तर कोंकणांत दुसऱ्या कपर्दीचा अंमल येतो, कारण त्याचे शके ७७५ व ७९९ चे लेख कान्हेरीच्या लेण्यांत आहेत. दोन्ही बाजूंस कपर्दी असतां मध्यें मांवाणीस जागा कोठून मिळणार? उलट छित्तराजाचा भांडुप येथें सांपडलेला ताम्रपट शके ९४८ (इ. स. १०२६) चा आहे, आणि खारेपाटण येथील अनंतदेवाच्या शके १०१६ च्या ताम्रपटांत छित्तराज, नागार्जुन व मुम्मुणि हे तिघे भाऊ क्रमानें दिलेले आहेत. मांवाणि तोच मुम्मुणि. तेव्हां थोरल्या भावाच्या ताम्रपटानंतर चौतीस वर्षांनीं धाकट्याचा शिलालेख यावा, हें सर्वस्वीं जुळतें.

‘भवन’ या शब्दावर मात्र वाद संपलेला नाहीं. तें राजाचें घर, कीं देवाचें? म. म. वा. वि. मिराशी यांनीं शिलाहारांचे लेख १९७७ सालीं एकत्र प्रसिद्ध केले, तेव्हांपासून छित्तराजानें आरंभिलेलें देवालय मुम्मुणीनें पुरें केलें असा अर्थ बहुधा मान्य झाला आहे. आम्हांसही तोच ग्राह्य वाटतो. देवळाच्या तुळईवर राजवाड्याच्या बांधणीची नोंद कोण कशास करील?

मितीच्या निश्चयाचें खरें महत्त्व देवळाच्या घडणीकडे पाहिल्यावर कळतें. देवालय पश्चिमाभिमुख असून मंडपास पश्चिम, उत्तर व दक्षिण अशा तीन बाजूंस दारमंडप आहेत. मंडपाचे खांब व वरचें छत यांवरील कोरीव काम इतकें दाट आहे कीं, कोरा दगड शोधावा लागतो. गाभारा मंडपाहून खोल आहे, पायऱ्या उतरून पिंडीजवळ जावें लागतें. शिखराचा माथा आज नसल्यामुळें वरून थेट आकाश दिसतें. त्यावरून ‘अंबर’नाथ हें नांव पडलें असें कित्येक सांगतात. ती व्युत्पत्ति गोड आहे, इतकेंच म्हणतों. बाहेरच्या भिंतीवर ब्रह्मदेव, शिवपार्वतीचा विवाह, महाकाली इत्यादि मूर्ति आहेत.

शिखर भूमिज घडणीचें. खालून वर चढणाऱ्या लता व त्यांच्या मधल्या जागेंत ओळीनें बसविलेलीं लहान लहान शिखरें, ही तिची खूण होय. हा प्रकार माळव्यांतला म्हणून समजला जातो, व भोज परमाराच्या नांवावर असलेल्या समरांगणसूत्रधारांत त्याचें विवेचन आहे. त्याच भोजाचीं कोंकणच्या विजयाप्रीत्यर्थ दिलेलीं वि. सं. १०७६ (इ. स. १०२०) चीं दोन दानपत्रें बांसवाडा व बेटमा येथें मिळालीं आहेत. त्या स्वारीबरोबर किंवा मागून माळव्याचे सूत्रधार इकडे आले असावेत, असा तर्क करण्यास जागा आहे. पण माळव्यांतील या घडणीचें प्रख्यात देवालय जें उदयपूरचें उदयेश्वर, त्यावर ध्वज चढला तो वि. सं. ११३७, म्हणजे इ. स. १०८० मध्यें. अंबरनाथचा लेख त्याच्या वीस वर्षें आधींचा. म्हणून अंबरनाथास उदयेश्वराची कोंकणी नक्कल म्हणणारांनीं आपलें विधान परत घ्यावें. भाऊ दाजींचा सात हा अंक तसाच राहिला असता, तर भूमिज शिखरांचा सगळा इतिहासच दोन शतकें मागें ओढला गेला असता!

सरकारचें लक्ष या देवळाकडे लवकर वेधलें. १८६८ सालीं मुंबईच्या कलाशाळेचे टेरी यांच्या देखरेखीखालीं त्याचीं रेखाचित्रें व मूर्तींचे ठसे घेण्यांत आले. १९३१ मध्यें हेन्री कझिन्स यांनीं दख्खनच्या मध्ययुगीन देवालयांवरील ग्रंथांत त्याचें वर्णन चित्रफलकांसह दिलें. हल्लीं तें भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रक्षणाखालीं आहे आणि महाशिवरात्रीस तेथें मोठी जत्रा भरते. ‘जागतिक वारसा’ म्हणून त्याची जी प्रसिद्धि केली जाते तिला आधार नाहीं. त्या यादींत तें नाहीं, व त्यावांचून त्याचें कांहीं अडलेंही नाहीं.

अडलें आहे तें दुसरीकडे. वालधुनीचें पाणी कारखान्यांच्या सांडपाण्यानें काळें झालें आहे, वस्ती भिंतीपर्यंत आली आहे, आणि मृदु झालेला पाषाण दरवर्षीं कोंकणच्या पावसांत भिजतो आहे. खालीं याच नदीवर फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीचें नगर झालें. त्याचा पाया ८ ऑगस्ट १९४९ रोजीं राजगोपालाचारी यांनीं घातला व त्यास उल्हासनगर नांव मिळालें. त्या प्रसंगाची पाटीही उद्यांच्या संशोधकास शिलालेखच होय, तिचेही ठसे आजच घेऊन ठेवणें बरें.

तूर्त आमची विनंति एवढीच. एकोणिसाव्या शतकांत घेतलेले या लेखाचे शाईचे ठसे अथवा देवळाचीं जुनीं छायाचित्रें ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं तीं घडी न घालतां, सपाट व कोरड्या जागीं ठेवावींत आणि त्यांची नक्कल मंडळाकडे पाठवावी. अंबरनाथ, बदलापूर व कल्याण येथील ज्या घराण्यांत देवस्थानच्या पूजेसंबंधीं, दिवाबत्तीसंबंधीं कागद असतील, त्यांनीं ते मोडी वाचतां येत नाहीं म्हणून रद्दींत टाकूं नयेत. वाचून देण्याचें काम आम्ही करूं.