आठ हजार मोटारी आणि वीस दिवस #थ्रेड

डिसेंबर १९८९. अमेरिकेत लेक्सस हे नाव बाजारात येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. ‘एलएस ४००’ या मोटारीच्या सुमारे आठ हजार गाड्या ग्राहकांच्या दारी उभ्या होत्या. अशातच दोन तक्रारी आल्या. सदोष वायरिंग आणि प्रमाणाबाहेर तापणारा ब्रेकचा दिवा, हा त्यांचा विषय.

दोन तक्रारी म्हणजे काही फार नव्हेत. परंतु त्याच दशकात अमेरिकेत ऑडीची काय गत झाली, हे साऱ्या मोटारउद्योगाने पाहिले होते. गाडी आपोआप वेग घेते, हा आरोप १९८६ साली दूरचित्रवाणीवर गाजला. चौकशीअंती बहुतांश घटनांत चालकांनीच चुकीचे पेडल दाबल्याचे निष्पन्न झाले. तोवर व्हायचे नुकसान होऊन गेले होते. १९८५ मध्ये ७४ हजार असलेली वार्षिक विक्री १९९१ पर्यंत १२ हजारांवर आली.

लेक्ससजवळ तर गमावण्यासारखी जुनी पुण्याईही नव्हती.

मुळात टोयोटा या वाटेला गेलीच का? १९८१ पासून जपानने अमेरिकेच्या दबावाखाली आपली मोटार-निर्यात वर्षाला १६ लाख ८० हजारांवर रोखून धरली होती. संख्या वाढवता येत नसेल, तर प्रत्येक गाडीमागचा नफा वाढवणे भाग होते. कारागिरीच्या कौतुकात हे व्यापारी गणित सहसा झाकले जाते. ऑगस्ट १९८३ मध्ये एइजी तोयोदा यांनी सहकाऱ्यांसमोर प्रश्न ठेवला : जगातील सर्वोत्तम मोटारीला आव्हान देईल अशी गाडी आपण घडवू शकतो का?

उत्तर द्यायला सहा वर्षे लागली. मुख्य अभियंता इचिरो सुझुकी यांचा आग्रह विलक्षण होता. आवाज दाबून टाकण्यासाठी गाडीत जाड आवरणे भरण्यापेक्षा तो जिथे उत्पन्न होतो तिथेच नाहीसा करावा, असे त्यांचे म्हणणे. त्यासाठी इंजिनाचे सुटे भाग अधिक काटेकोर मापात घडवावे लागले. सुमारे साडेचारशे नमुना-गाड्या तयार झाल्या. पुढे जाहिरातीत धावत्या इंजिनाच्या बॉनेटवर शॅम्पेनच्या पेल्यांचा मनोरा रचून दाखवला गेला. एकही पेला ढळला नाही.

आता पुन्हा त्या डिसेंबरकडे. दोन तक्रारींवरून कंपनीने सगळ्याच्या सगळ्या आठ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत घेतल्या. मात्र ग्राहकांना हेलपाटे घालायला लावले नाहीत. तंत्रज्ञ स्वतः घरी जाऊन गाडी नेत, दुरुस्त करीत आणि विनामूल्य परत आणून देत. दूरवरच्या ग्राहकांसाठी माणसे विमानाने धाडली, तिथे गॅरेजच्या जागा भाड्याने घेतल्या. अवघ्या वीस दिवसांत काम आटोपले.

ज्या बातमीने ही नाममुद्रा जन्मताच बुडाली असती, तीच तिची ख्याती ठरली. १९९१ पर्यंत अमेरिकेतील आयात आलिशान मोटारींत लेक्सस विक्रीत अग्रस्थानी होती.

या आतिथ्याला आज सर्रास ‘ओमोतेनाशी’ हा जपानी शब्द लावला जातो. गंमत अशी, की खुद्द जपानमध्ये हीच गाडी ‘टोयोटा सेल्सिओर’ या नावाने विकली जात होती. लेक्सस हे नाव मायदेशी पोहोचले ते थेट २००५ साली.