दातांची तार आणि मुखदुर्गंधी

वेडेवाकडे किंवा पुढे आलेले दात ओळीत आणण्यासाठी बसवलेल्या ब्रेसेसमुळे तोंडाची स्वच्छता अवघड होते आणि त्यातून श्वासाला वास येऊ शकतो. बोलीभाषेत ब्रेसेसला तार किंवा क्लिप म्हणतात. दोष धातूचा नसतो. दातावर चिकटवलेला ब्रॅकेट, त्यातून जाणारी तार आणि तिला धरणारी रबरी कडी यांच्या आडोशाला अन्नकण अडकतात. तिथे ब्रश नीट पोचत नाही, लाळेचाही शिरकाव कमी होतो. मग जंतूंचा चिकट थर, म्हणजे प्लाक, साचत जातो.

या थराच्या तळाशी प्राणवायूविना वाढणारे जंतू असतात. अन्न, लाळ आणि गळालेल्या पेशींतली प्रथिने ते फोडतात आणि गंधकयुक्त वायू सुटतात. त्यांत सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड आणि मिथाइल मरकॅप्टन हे प्रमुख. हिरड्या सुजल्या की त्यांच्या कडेच्या खाचा खोल होतात आणि जंतूंना आणखी जागा मिळते. मात्र मुखदुर्गंधीचे मोठे ठाणे म्हणजे जिभेच्या मागच्या भागावरचा थर. तारेभोवती तासभर ब्रश फिरवून जीभ तशीच सोडणाऱ्याचा वास जात नाही, तो यामुळे.

पूर्वी ही स्वच्छता आणखी अवघड होती: प्रत्येक दाताभोवती धातूची पट्टी बसवत आणि तिची कड हिरडीला लागून राही. मायकेल बुओनोकोर यांनी 1955 मध्ये आम्लाने दंतवल्क खरबरीत करून त्यावर रेझीन पक्के चिकटवण्याची रीत दाखवली. पुढे तिच्या आधारे ब्रॅकेट थेट दातावर चिकटवता येऊ लागले. दाढांना पट्ट्या मात्र आजही पुष्कळदा बसवतात.

वास हा त्यातल्या त्यात सौम्य त्रास; स्वच्छता सुधारली की तो ओसरतो. साखरेवर पोसलेले जंतू आम्ल तयार करतात. प्लाकचा सामू सुमारे 5.5 च्या खाली गेला की दंतवल्कातली खनिजे झिरपू लागतात आणि ब्रॅकेटभोवती खडूसारखे पांढरे डाग उमटतात. निष्काळजीपणा झाला तर चार आठवड्यांतही ते दिसू शकतात, आणि तार निघाल्यावर पुष्कळदा कायम राहतात.

फ्लोराइडयुक्त पेस्ट लावून ब्रॅकेटच्या वरून आणि खालून तिरका ब्रश, तारेखाली दातांच्या फटींसाठीचा बारीक ब्रश आणि रोज टंग क्लीनर, एवढे पुरते. चिक्की टाळलेली बरी: ती चिकटते आणि ब्रॅकेटही उखडते. सुगंधी माउथवॉश वास नुसता झाकतो. क्लोरहेक्सिडिन जंतू मारते, पण दीर्घ वापराने दात तपकिरी होतात.

पारदर्शक अलाइनर काढून दात घासता येतात, हा त्यांचा खरा फायदा. पण दिवसाचे 20 ते 22 तास ते दातांवर असल्याने तिथवर लाळ कमी पोचते, आणि अलाइनर न काढता घेतलेला गोड चहा आतच साचून राहतो. पायरिया असलेल्यांनी तो आटोक्यात आणल्यावरच तार बसवावी. सुजलेल्या हिरडीत दात सरकवल्यास आधाराचे हाड झिजण्याचा धोका असतो.