अन्ननलिकेचे अस्तर आणि शल्यविशारदांचे मतांतर

एखाद्या विकाराला ज्याचे नाव मिळाले, त्याचेच त्याविषयीचे पहिले मत चुकीचे ठरावे, असे वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच घडले असेल. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील शल्यविशारद नॉर्मन बॅरेट यांच्या बाबतीत ते घडले. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी जठरासारखे अस्तर आढळते, तो भाग म्हणजे छातीत ओढले गेलेले जठरच होय, असे त्यांनी १९५० मध्ये प्रतिपादिले. १९५३ मध्ये ॲलिसन व जॉन्स्टन यांनी ती अन्ननलिकाच असल्याचे दाखवले आणि १९५७ मध्ये बॅरेट यांनीही ते मान्य केले. जठरातील आम्ल वर्षानुवर्षे वर येत राहिले की काहींचे अस्तर असे पालटते. त्यांतील थोड्यांना पुढे कर्करोग होतो.

पोटावरील चरबीचा दाब या आम्लाला वर ढकलतो. तेव्हा वजन उतरले की हा विकारही ओसरेल, ही अपेक्षा स्वाभाविक होती. व्रणासाठी जठराचा भाग काढलेले रुग्ण कृश होतात, हे हेरून अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये लठ्ठपणावर जठराच्या बायपासची शस्त्रक्रिया केली. पुढे रूढ झालेल्या तिच्या रूपात जठराची लहानशी पिशवीच अन्नमार्गात उरते. तीत आम्ल अल्प, आणि पित्तही दूर वळवलेले. त्यामुळे बहुतेकांची जळजळ शमते.

तथापि २००० नंतर स्वतंत्रपणे होऊ लागलेली स्लीव्ह शस्त्रक्रिया अधिक सोपी म्हणून लोकप्रिय झाली. तीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून बाहीसारखी अरुंद नळी ठेवतात. त्या नळीत दाब वाढतो आणि आम्ल वर येण्यास वाट मिळते. वजन घटते, पण जळजळ काहींना नव्याने सुरू होते.

रोममधील ११० रुग्णांची पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. सरासरी ५८ महिन्यांनंतर त्यांपैकी १७.२ टक्क्यांत बॅरेटचे अस्तर नव्याने आढळले. शिवाय रुग्णाला होणारा त्रास आणि दुर्बिणीतून दिसणारी इजा यांचा मेळ बसेना. या आकड्याने शल्यविशारद हादरले. परंतु फिनलंडमधील दहा वर्षांच्या तुलनेचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, तेव्हा बॅरेटचे प्रमाण दोन्ही शस्त्रक्रियांनंतर ४ टक्केच निघाले. अन्ननलिकेचा दाह मात्र स्लीव्हनंतर ३१ टक्के, तर बायपासनंतर ७ टक्के होता. आधीची भीती अतिरंजित ठरली, पण निराधार ठरली नाही.

आपल्या घरांतून 'पित्त झाले' म्हणून जळजळ सोसण्याची रीत जुनी आहे. ज्यांच्या आप्तांनी या शस्त्रक्रियेचा विचार चालवला असेल, त्यांनी ती जळजळ शल्यविशारदापासून लपवू नये, आणि स्लीव्हनंतर त्रास नसला तरी दुर्बिणीची तपासणी केव्हा करावी, हे विचारून घ्यावे, असे आम्हांस वाटते. बॅरेट यांना आपले मत सुधारण्यास सात वर्षे लागली. स्लीव्हविषयीचे मत अजून सुधारतेच आहे.