बाल्टिकची जलयात्रा : निवृत्त दांपत्यांसाठी उत्तरेच्या राजधान्या

मुलांची शिक्षणे आणि लग्नकार्ये पार पडल्यावर निवृत्तीच्या पुंजीतील एक हिस्सा परदेश प्रवासासाठी बाजूला काढणारी दांपत्ये शहरी महाराष्ट्रात आता नवलाची राहिलेली नाहीत. पहाटे उठून बसमध्ये बसायचे, रात्री नव्या हॉटेलात बॅगा उघडायच्या, ही दमछाक साठीनंतर अनेकांना नकोशी होते. क्रूझमध्ये खोली एकच असते, सामान एकदाच लावायचे आणि सकाळी खिडकीबाहेर नवे शहर उभे! या प्रवासासाठी उत्तर युरोपातील बाल्टिक समुद्र विशेष सोयीचा आहे. कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी, टॅलिन, रिगा या राजधान्या एकमेकींपासून रात्रभराच्या किंवा फार तर दिवसभराच्या अंतरावर आहेत. हेलसिंकी आणि टॅलिन यांच्यामध्ये तर जेमतेम ८० किलोमीटर पाणी आहे. नॉर्वेची राजधानी ओस्लो प्रत्यक्षात बाल्टिकवर नाही. ती सुमारे १०० किलोमीटर लांबीच्या फ्योर्डच्या टोकाशी वसलेली आहे, तरीही अनेक कार्यक्रमपत्रिकांत तिचा समावेश असतो.

जुन्या प्रवासवर्णनांत या सफरीचा कळसाध्याय म्हणून सेंट पीटर्सबर्गचे वर्णन असे. क्रूझने येऊन आयोजित सहलीत भाग घेणाऱ्यांना तेथे ७२ तास व्हिसाशिवाय राहता येई. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर मोठ्या पाश्चात्त्य कंपन्यांनी ते बंदर वगळले. ती जागा अन्य बंदरांनी आणि काही ठिकाणच्या लांबलेल्या मुक्कामांनी भरून काढली आहे. ओळखीच्या कोणी पंधरा वर्षांपूर्वी केलेल्या सफरीचे वर्णन ऐकून आरक्षण करणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

हंगाम मे ते सप्टेंबरचा. जूनच्या उत्तरार्धात हेलसिंकीत दिवस जवळपास १९ तासांचा असतो. सूर्य रात्री पावणेअकराच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतरही पुरता अंधार होत नाही. मध्यरात्रीचा सूर्य मात्र येथे दिसत नाही; त्यासाठी उत्तर ध्रुववृत्तापलीकडे जावे लागते. उन्हाळा म्हटला तरी डेकवरचा वारा बोचरा असतो, तेव्हा स्वेटर आणि वारा अडवणारे जाकीट हवेच.

या साऱ्या राजधान्यांत एकच निवडायची झाली, तर प्रस्तुत लेखकाचे मत स्टॉकहोमच्या बाजूने पडेल. हे शहर १४ बेटांवर वसले आहे आणि त्याच्या पूर्वेला लहानमोठी बेटे व खडक मिळून सुमारे ३० हजारांचा द्वीपसमूह पसरला आहे. जहाज त्यातून वाट काढत काही तास चालते. दोन्ही बाजूंना देवदार-पाइनची झाडी, लाल रंगाची लाकडी घरे आणि घराच्या धक्क्याला बांधलेल्या होड्या. त्या सकाळी झोपून राहणे म्हणजे तिकिटाचे निम्मे पैसे वाया घालवणे. अर्थात सर्वच जहाजे शहरापर्यंत येत नाहीत. अनेक मोठी जहाजे सुमारे ६० किलोमीटर दक्षिणेच्या निनेसहाम्न बंदरात थांबतात व तेथून शहर गाठण्यास रेल्वेने तासभर लागतो. आरक्षणापूर्वी हे विचारून घ्यावे.

स्टॉकहोममधील वासा संग्रहालय चुकवू नये. ६४ तोफांची ‘वासा’ ही राजनौका १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीवर निघाली आणि सुमारे १३०० मीटर अंतर कापून, सारे शहर पाहत असताना, बुडाली. वजनाचा तोल वरच्या बाजूला गेला होता. १९६१ मध्ये ती वर काढली तेव्हा लाकूड जवळपास शाबूत होते. याचे श्रेय बाल्टिकच्या मचूळ पाण्याला. खाऱ्या समुद्रात लाकूड पोखरणारी जहाजकीड या पाण्यात तग धरत नाही. संग्रहालयात आपण पाहतो त्या नौकेचा ९८ टक्क्यांहून अधिक भाग मूळचा आहे.

हेलसिंकीत सुओमेनलिन्ना हा १७४८ पासून बांधलेला सागरी किल्ला पाहावा. बाजार चौकातून नेहमीची फेरीबोट पंधरा-वीस मिनिटांत पोहोचवते. त्यासाठी महागडी सहल घेण्याचे कारण नाही. खडक कोरून उभारलेले १९६९ चे टेम्पेलिआउकिओ चर्चही पाहण्याजोगे. टॅलिनचे तटबंदीतले जुने शहर १९९७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. नगरभवनाच्या चौकातील औषधाचे दुकान १४२२ मध्येही चालू असल्याची नोंद सापडते. मात्र तेथे गोट्यांचे रस्ते आणि टूम्पेआ टेकडीचा चढ आहे, तेव्हा गुडघेदुखी असलेल्यांनी जाड तळव्याचे बूट आणि काठी दोन्ही जवळ ठेवावेत. कोपनहेगनची ‘छोटी जलपरी’ (१९१३) जेमतेम सव्वा मीटर उंच आहे. तिच्यापुढच्या गर्दीत तासभर घालवण्यापेक्षा न्यूहाव्नच्या कालव्याकाठी बसलेले बरे.

एका सहलीबाबत सावध राहावे. उत्तर जर्मनीतील वार्नेमुंडे बंदरातून ‘बर्लिन दर्शन’ विकले जाते. बर्लिन तेथून एका बाजूने सुमारे तीन तासांवर आहे. सहा तास बसमध्ये काढण्याची तयारी असेल तरच जावे. अन्यथा जवळचे रोस्टोक शहर पायी फिरण्यास पुरेसे आहे.

आता मुद्दा प्रकृतीचा आणि पैशाचा. जहाजावर डॉक्टर व लहान दवाखाना असतो, पण उपचारांचे बिल वेगळे येते. गंभीर रुग्णाला पुढील बंदरात उतरवतात आणि जहाज निघून जाते. सोबतच्या जोडीदाराला अनोळखी देशात रुग्णालय, हॉटेल आणि परतीचे तिकीट एकट्याने पाहावे लागते. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण सक्तीचे आहे. ही किमान अट आहे, पुरेशी रक्कम नव्हे. मधुमेह किंवा रक्तदाब असल्यास तो अर्जात लिहावाच. चार पैसे वाचवण्यासाठी आजार दडवला, तर नेमक्या वेळी दावा फेटाळला जाण्याचा धोका असतो. पूर्वीच्या आजारांना संरक्षण आहे की नाही, हे पॉलिसीच्या कागदावर वाचावे. एजंटच्या तोंडी आश्वासनावर राहू नये. गोळ्या हातातल्या पिशवीत आणि औषधांची मूळ नावे असलेली चिठ्ठी सोबत ठेवावी. उन्हाळ्यात कोपनहेगन भारतापेक्षा साडेतीन तास मागे असते, तर हेलसिंकी अडीच तास. गोळ्यांच्या वेळा त्यानुसार बसवाव्यात.

वर उल्लेखिलेले सर्व देश शेंगेन क्षेत्रात येतात, त्यामुळे एक व्हिसा पुरतो. जून २०२४ मध्ये त्याचे शुल्क ९० युरो झाले. सफर इंग्लंडच्या साउदॅम्प्टन बंदरातून सुरू होत असेल, तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. चलनेही एक नाहीत. फिनलंड, एस्टोनिया, लाटविया येथे युरो चालतो. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे यांचे क्रोन वेगवेगळे आहेत. तरीही रोख फार लागत नाही, कारण स्वच्छतागृहापासून आइस्क्रीमपर्यंत कार्ड चालते.

परदेश सहलीच्या पॅकेजवर ऑक्टोबर २०२० पासून कर उगमस्थानी वसूल केला जातो. त्याचे दर नंतरच्या अर्थसंकल्पांत बदलत गेले आहेत, म्हणून आरक्षणाच्या दिवशीचा दर विचारावा. ही रक्कम बुडत नाही. विवरणपत्र भरल्यास ती देय करात वळती होते किंवा परत मिळते. निवृत्तांपैकी अनेक जण ‘आता उत्पन्नच नाही’ म्हणून विवरणपत्र भरत नाहीत आणि हक्काच्या पैशावर पाणी सोडतात.

जाहिरातीतील भाड्यात बहुधा कर्मचाऱ्यांची बक्षिसी, मद्य, इंटरनेट आणि किनाऱ्यावरच्या सहली धरलेल्या नसतात. बक्षिसी तर रोज माणशी ठरावीक दराने खात्यात चढते. शाकाहारींची उपासमार होत नाही, पण जैन जेवण हवे असल्यास आरक्षणाच्या वेळीच कळवावे. गोव्यातील अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या बोटीवरची नोकरी आहे, तेव्हा भोजनगृहात कोकणी-मराठी बोलणारा कर्मचारी भेटला तर आश्चर्य वाटायला नको.

जहाजाचे घड्याळ आणि बंदराचे घड्याळ यांत कधी कधी तासाचा फरक असतो. परतण्यासाठी जहाजाचीच वेळ प्रमाण मानावी. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते, स्वतंत्र फिरणाऱ्यासाठी सहसा थांबत नाही. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवाव्या लागतात आणि त्या थेट धक्क्यावर मिळतात. पासपोर्ट, औषधे, चष्मा आणि सकाळी घालायचे कपडे त्याआधी बाहेर काढून घ्यावेत.