हसत शिकवणारा शास्त्रज्ञ : याकोव पेरेलमान

धावत्या आगगाडीचा असा कोणता भाग आहे, की गाडी पुढे जात असताना तो मागे जात असतो? १९७९ साली आम्ही इंदूरला अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात होतो. सोविएत पुस्तकांच्या एका प्रदर्शनात चार-पाच रुपयांना घेतलेल्या पुस्तकात हा प्रश्न आम्हांस भेटला आणि वसतिगृहात त्यावर रात्रभर वाद झाला. उत्तर साधे निघाले. चाकाची जी कड रुळाच्या माथ्याखाली उतरलेली असते, तिचा सर्वांत खालचा बिंदू मागे सरकत असतो. रुळाला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर, त्याच्या वरचे सारे पुढे, म्हणून खालचे मागे. चाकाची गती आम्ही वर्गात शिकलो होतो; ती समजलेली मात्र नव्हती, हे त्या रात्री कळले.

पुस्तकाचे कर्ते याकोव पेरेलमान. त्यांचा जन्म १८८२ साली बियालिस्टोक येथे झाला. हे गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज ते पोलंडमध्ये आहे. सेंट पीटर्सबर्गच्या वनविद्या संस्थेतून ते १९०९ साली पदवीधर झाले, पण रान सांभाळण्याऐवजी नियतकालिकांत विज्ञान लिहू लागले. १९१३ साली त्यांचे ‘मनोरंजक भौतिकी’ प्रसिद्ध झाले. वाचकाला नवे काही सांगण्यापेक्षा त्याला जे आधीच ठाऊक आहे तेच नीट उमजावे, हा त्यामागचा हेतू होता.

त्यांचा विनोदही याच जातीचा. वेल्सच्या कादंबरीतील अदृश्य मनुष्य साऱ्या गावाला घाबरवून सोडतो. पेरेलमान शांतपणे दाखवून देतात की तो बिचारा आंधळाच असणार. नेत्रपटलही पारदर्शक झाले, तर प्रकाश अडणार कोठे आणि दिसणार काय? यात कादंबरीकाराची कुचेष्टा नाही. ती कथा वाचताना आपणही ही शंका घेतली नाही, हे ध्यानी येऊन वाचक स्वतःलाच हसतो.

१९३५ साली लेनिनग्राडमध्ये, फोंतान्का नदीकाठच्या एका जुन्या प्रासादात ‘मनोरंजक विज्ञान-गृह’ उघडले. पेरेलमान त्याच्या संस्थापकांपैकी एक. येथे वस्तूंना हात लावण्यास बंदी नव्हती. उलट हात लावल्यावाचून कोडे सुटतच नसे. जून १९४१ मध्ये युद्ध पेटले आणि विज्ञान-गृहाची दारे बंद झाली.

त्याच वर्षी ८ सप्टेंबरला लेनिनग्राडचा वेढा सुरू झाला. त्या हिवाळ्यात कामगार नसलेल्या नागरिकांस दिवसाला अवघा १२५ ग्रॅम पाव मिळे. अशा दिवसांत साठीच्या घरातील पेरेलमान सैनिकांना, नौसैनिकांना आणि शत्रूच्या पिछाडीस लढणाऱ्या गनिमी तुकड्यांतील लोकांना व्याख्याने देत होते. विषय एकच : उपकरण हाती नसताना दिशा कशी ओळखावी, अंतर कसे अजमावावे. वहीच्या साहाय्याने झाडाची उंची काढण्यासारख्या युक्त्या त्यांनी १९२५ च्या ‘मनोरंजक भूमिती’त मोठ्या हौसेने सांगितल्या होत्या. शांततेत ज्यांनी मुलांची सुट्टी सुखाची केली, त्याच विद्येवर आता माणसांचे परत येणे अवलंबून होते. जानेवारी १९४२ मध्ये त्यांची डॉक्टर पत्नी गेली. १६ मार्च १९४२ रोजी त्याच वेढ्यात, उपासमारीने पेरेलमानही गेले.

आम्ही पुढे मध्य प्रदेश शासनाच्या पाटबंधारे खात्यात लागलो. एकदा जून महिन्यात, सर्वेक्षणाच्या वेळी, कनिष्ठ सहकाऱ्यांसमोर आम्ही घड्याळावरून दिशा काढून दाखवण्याचा घाट घातला. तासकाटा सूर्याकडे धरावा. तो आणि बाराचा आकडा यांमधील कोन दुभागला की दक्षिण सापडते, ही युक्ती प्रसिद्धच आहे. आमची दक्षिण चक्क भलतीकडे निघाली! सहकारी खाली माना घालून हसू दाबत होते. मग सर्वांनी मिळून कारण शोधले. क्षितिजावरून पाहता सूर्याची दिशा दर तासाला सारखीच सरकते, असे ही युक्ती गृहीत धरते. लेनिनग्राडसारख्या साठ अंश उत्तर अक्षांशावर ते बऱ्यापैकी खरे असते. पण माळव्यात जूनचा सूर्य जवळजवळ डोक्यावरून जातो, सकाळभर पूर्वेकडे रेंगाळतो आणि मध्यान्ही एकदम पश्चिमेकडे उडी घेतो. त्या फजितीतून जे शिक्षण झाले, ते खात्याच्या कोणत्याही प्रशिक्षणवर्गात झाले नसते.

आमच्या कारकिर्दीत असे कित्येक आराखडे पाहण्यात आले, की ज्यांत दशांशचिन्ह एक घर सरकलेले होते आणि कोणाच्याही मनाला ते खटकले नव्हते. आकडेमोड यंत्राने केली होती, म्हणून ती बरोबर मानली गेली. उत्तर येण्यापूर्वी ते साधारण किती यावे याचा अंदाज बांधण्याची सवय कोड्यांनी लागते. आपले चुकले, हे हसत कबूल करण्याची सवयही तेथेच लागते; आणि ज्याच्या आकड्यांवर धरणाची भिंत उभी राहायची, त्याला या दोन्हींवाचून गत्यंतर नाही.

ते पुस्तक आजही आमच्या कपाटात आहे. त्याचा पुठ्ठा सुटला आहे, पाने पिवळी पडली आहेत. यंदा अभियांत्रिकीस गेलेल्या नातवाला आम्ही आगगाडीचा तोच प्रश्न घातला. त्याने हात खिशातील मोबाईलकडे नेला, क्षणभर थांबला, मग टेबलावरची बांगडी उचलून, तिला पट्टीवर फिरवून पाहू लागला.